भांडार बाहेर काढण्यासाठी असते
इंग्रजीच्या वर्गासाठी हाताशी ठेवायची साधने : एक अभ्यास

शास्त्रपाठ : मत्तय १३:५२, २ तीमथ्य ४:९-२१





या अंकातील अभ्यासाची सुरुवात मला माझ्याच चुकीपासून करावी लागत आहे. काही वर्षांपूर्वी मंडळीतील एका कुटुंबाने आपल्या पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या इंग्रजी वर्गासाठी मोठ्या प्रेमाने सामान दिले. रंगीत तक्ते, चित्रांची कार्डे आणि प्लास्टिकच्या अक्षरांचा एक डबा होता. सामान इतके सुंदर होते की मी ते पत्र्याच्या पेटीत ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. मुले फाडतील, पाहुणे येतील तेव्हा लावू, असा माझा विचार. मी आठवड्यातून एकदा जायचे. बाकीचे दिवस गावातला बारावी झालेला मुलगा वर्ग घ्यायचा, तोही खडूच्या तुकड्यावर. पावसाळा सरल्यावर पेटी उघडली तेव्हा तक्ते एकमेकांना चिकटले होते, कार्डांना बुरशी आली होती आणि अक्षरांचा डबा तसाच, न फोडलेला. भोवती जमलेल्या मुलांपैकी एकाने विचारले, “ताई, हे कोणाचं होतं?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. हा अभ्यास त्या प्रश्नातूनच झाला आहे. आपल्यापैकी काही जण शनिवारी पाड्यावर शिकवायला येतात, काही संडे स्कूल घेतात, काही सामान पाठवतात, तर काही प्रार्थनेने साथ देतात. सर्वांनाच याचा उपयोग व्हावा.

१. वचनातील घरधनी

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू एकामागून एक दाखले सांगतो आणि शेवटी शिष्यांना विचारतो की हे सर्व समजले का. ते होकार देतात. मग तो एक छोटासा दाखला जोडतो, जो आपण घाईत वाचून पुढे जातो. स्वर्गाच्या राज्याविषयी शिकलेला शास्त्री हा एखाद्या घरधन्यासारखा आहे. त्याच्या भांडारात नव्या वस्तू आहेत आणि जुन्याही आहेत.

येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, भांडार आधीपासून भरलेले आहे. माणूस दारात आल्यावर शोधाशोध नाही. दुसरी, त्यात नवे आणि जुने शेजारी शेजारी आहे. जुने म्हणून टाकलेले नाही आणि नवे म्हणून जपून ठेवलेले नाही. तिसरी, घरधनी त्या वस्तू बाहेर काढतो. त्याची ओळख तेवढ्यावरच सांगितली आहे. माझ्या पेटीत नवे होते, पण बाहेर काढणारा हात नव्हता.

२. इंग्रजी कशासाठी, आणि कोणत्या क्रमाने

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय २००० सालापासून अमलात आला. म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या मुलाच्या दप्तरातही इंग्रजीचे पुस्तक पहिल्याच वर्षी येते. मात्र घरी तो कोकणी किंवा डांगी वळणाची बोली बोलतो. शाळेतली मराठीच त्याला नवी असते आणि इंग्रजी त्यानंतरची तिसरी पायरी ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, ते योग्यच आहे. आपल्या वर्गात बोलीला कधीही हसू नये. इंग्रजी ही बोलीच्या जागी बसवायची नाही, तिच्या जोडीला द्यायची आहे. उद्या या मुलींपैकी कोणी नर्सिंगला जाऊ पाहील, कोणी बँकेचा अर्ज भरील, तेव्हा इंग्रजीच्या भीतीने तिने दारातून परत फिरू नये, एवढाच आपला हेतू.

आणि भीती मोडायला हातात वस्तू लागते. सफरचंदाच्या चित्रावरून पहिले अक्षर शिकवायची आपली जुनी पद्धत. पण ज्या पाड्यावर सफरचंद फक्त आजारी माणसाला भेटायला जाताना येते, तेथे चित्र आणि शब्द दोन्ही परके. उलट त्याच मुलांना विचारा, घरात इंग्रजी शब्द कोणते आहेत? बस, बॅटरी, टॉर्च, बकेट, मोबाइल, रिचार्ज, ट्रॅक्टर, बॉटल. आम्ही एका संध्याकाळी फळ्यावर लिहीत गेलो आणि फळा भरला. भांडारात जुने होतेच. फक्त कोणी बाहेर काढले नव्हते.

३. साधन निवडण्याच्या चार कसोट्या

आपल्या महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. माँटेसरींची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून बिया, खडे, शिंपले, पाने, माती यांतूनच त्यांनी साधने घडवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. म्हणजे साधनही मुलाच्या परिसरातले आणि शाळाही मुलाच्या मागे जाणारी.

त्यांच्या कामापासून शिकून आम्ही आता प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारतो :

एक. हिच्याकडून किमान तीन वेगवेगळी कामे होतात का?
दोन. ही मुलाच्या हातात देता येते का, की फक्त लांबून दाखवायची?
तीन. ही पिशवीत मावते का, आणि पेठचा पाऊस सोसते का?
चार. हरवली तर गावातच पुन्हा करता येते का?

चारही उत्तरे ‘हो’ असतील तर वस्तू पिशवीत. चौथी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जी वस्तू पुन्हा करता येत नाही, ती आपण कुलपात ठेवतो.

४. पिशवीत काय असावे

झाकणे. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणे धुऊन घ्यावीत. बाहेरून मोठे अक्षर, आतून लहान अक्षर, न पुसणाऱ्या पेनाने लिहावे. स्वर जास्त लागतात, म्हणून ए, ई, आय, ओ, यू यांची चार-चार झाकणे करावीत. ‘कॅट’ मांडून पहिले झाकण बदलले की हॅट, मॅट, रॅट तयार होतात आणि मुलाला वाचनाची किल्ली सापडते. याच झाकणांनी मोजणी होते, स्पेलिंग होते, रंग होतात. एक खबरदारी घ्यावी. झाकण गोल असल्याने ते कसेही फिरते, आणि लहान लिपीतले बी, डी, पी, क्यू फिरवले की एकमेकांसारखे दिसतात. म्हणून प्रत्येक अक्षराखाली एक आडवी रेघ ओढावी. रेघ खाली, म्हणजे अक्षर सरळ.

लग्नपत्रिका. जुन्या पत्रिकांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. तळहाताएवढे तुकडे कापून, कोपरे गोल करून, एका बाजूला शब्द लिहावा. दुसऱ्या बाजूचे चित्र मुलाने काढावे. मग ‘हाउस’च्या मागे कौलारू बंगला येत नाही, कुडाच्या भिंतींचे घर येते. वर पारदर्शक चिकटपट्टी लावली की ओल लवकर लागत नाही. या कार्डांनी जोड्या लावणे, लपवलेले कार्ड ओळखणे, खाण्याच्या आणि घरातल्या वस्तू वेगळ्या करणे असे अनेक खेळ होतात.

दोरी आणि चिमटे. पाच-सहा मीटर सुती दोरी आणि कपडे वाळत घालण्याचे दहा-बारा चिमटे. दोरीचे रिंगण केले की ‘इन’ आणि ‘आउट’च्या उड्या. सरळ टाकली की एका बाजूला ‘ट्रू’, दुसऱ्या बाजूला ‘फॉल्स’. ताई वाक्य बोलते आणि मुले बाजू निवडतात. दोन खांबांना बांधली की फळा. तिच्यावर ‘इट’, ‘इज’, ‘रेड’ अशी तीन कार्डे चिमट्यांनी लावावीत आणि पहिली दोन मुलांकडून अदलाबदल करून घ्यावीत. ‘इज इट रेड?’ विधानाचा प्रश्न कसा होतो हे मी फळ्यावर अनेकदा समजावले होते. चिमटे हलवल्यावर ते एका मिनिटात कळले.

बांबूच्या काड्या. जॉर्ज क्विझनेर नावाच्या बेल्जियन शिक्षकाने गणितासाठी एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या रंगीत लाकडी पट्ट्या केल्या होत्या. केलेब गाट्टेन्यो यांनी त्याच पट्ट्या भाषेच्या वर्गात आणल्या. शिक्षकाने कमी बोलायचे आणि मुलांनी जास्त, ही त्यांची रीत. आपल्याकडे बांबू आहे. काड्या तासून, रंगवून घ्याव्यात. ‘टेक द रेड स्टिक. गिव्ह इट टू हर.’ येथून आरंभ. लाँग, लाँगर, लाँगेस्ट हे तर डोळ्यांपुढेच. पुढे त्याच काड्यांनी जमिनीवर आपला पाडा मांडावा : हा रस्ता, ही विहीर, ही शाळा. ‘व्हेअर इज युवर हाउस?’ असे विचारले की सर्वांत लाजरे मूलही पुढे सरकून बोट ठेवते, आणि बोटामागून शब्द येतो.

चिंध्यांचा चेंडू. ज्याच्या हातात चेंडू त्याने उत्तर द्यायचे आणि पुढचा प्रश्न विचारून चेंडू टाकायचा. कापडाचा असल्याने लागत नाही, लांब जात नाही. त्यालाच डोळे-तोंड शिवले की बाहुली होते. जी मुलगी स्वतः बोलत नाही, ती बाहुलीच्या तोंडून बोलते.

पाट्या. एका मुलाने उत्तर दिले की शिक्षकाला वाटते सर्वांना आले. प्रत्येकाकडे पाटी असली आणि ‘शो!’ म्हणताच सगळ्या पाट्या एकदम वर झाल्या, की कोण मागे आहे ते त्याच क्षणी दिसते. आणि कोणालाही उभे करून लाजवावे लागत नाही. खडू मात्र झाकणाच्या डब्यात ठेवावेत, पावसाळ्यात ओले झाले की उठत नाहीत.

राहिली पिशवी. तीही साधनच. आत दगड, पान, बी, चमचा असे काही ठेवून मुलाने न पाहता हात घालायचा. ‘इज इट अ स्टोन?’ ‘नो, इट इज नॉट.’

५. यादी आणि भांडारी

साधने जमवणे सोपे, टिकवणे अवघड. आम्ही आता दोन नियम पाळतो. पिशवीच्या आत वस्तूंची यादी शिवलेली असते, शब्द इंग्रजीतच. आणि दर आठवड्याला एक मूल भांडारी होते. वर्ग संपला की भांडारी यादी मोठ्याने वाचतो, बाकीची मुले वस्तू टाकतात. ‘कॅप्स, फिफ्टी. कार्ड्स, थर्टी. रोप, वन.’ दोन कामे एकदम होतात : सामान मोजले जाते आणि वाचनही होते. किल्ली कोणाकडेच नाही, कारण कुलूपच नाही.

यादीवरून आपल्या नाशिकचीच एक आठवण सांगावीशी वाटते. आज आपण ज्या शरणपूर रोडवरून ये-जा करतो, तेथे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वसाहत होती. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली जात, त्यांना इंग्रजी आणि हातचे उद्योग शिकवले जात. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण १८७२ मध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधयात्रेत सामील झाला. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातील एका गावी लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा सोबतच्या माणसांनी त्यांच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि जेकबला शाई-कागद घेऊन प्रत्येक वस्तूची नोंद करायला सांगितले, म्हणजे पुढे कोणावर आळ येऊ नये. दफनविधीचे वचनही त्यानेच वाचले. मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तो पुरला गेला तेव्हा पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता.

त्याला शिकवणाऱ्यांना हे पुढचे काय ठाऊक होते? सर्वस्व हिरावलेल्या मुलाला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले. नेमकी तीच गोष्ट सर्वांत कठीण दिवशी कामी आली, एक प्रामाणिक यादी लिहिण्यासाठी.

६. दिवाळीनंतरची थैली

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची कितीतरी कुटुंबे भाताची आणि नागलीची कामे आटोपली की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. लहान मुलेही सोबत जातात. आमचा वर्ग निम्मा होतो, आणि शिमग्याला मुले परततात तेव्हा पुष्कळसे विसरलेले असते. भिंतीवरचा तक्ता त्यांच्यामागे जाऊ शकत नाही. म्हणून आम्ही जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक छोटी थैली देऊ लागलो : तीस झाकणे, वीस कार्डे आणि काही काड्या.

पाचवीतली एक मुलगी अशीच थैली घेऊन गेली. आई-वडील बागेत आणि ही बांधावर धाकट्या भावाला सांभाळायला. होळीला परत आली तेव्हा झाकणे मोजली. चौदा उरली होती. माझ्या तोंडावर नाराजी आलीच असणार. ती म्हणाली, “ताई, काही भावाने हरवली, काही तिथल्या पोरांना दिली. त्यांच्याकडे नव्हती.” मग तिने जमिनीवर झाकणे मांडायला घेतली. खोक्यांवर रोज पाहिलेला शब्द तिला दाखवायचा होता : ग्रेप्स. जी, आर, ए मांडले, ई आणि एस शेवटी ठेवले. मध्ये पी हवा होता, तो हरवला होता. तिने थोडा वेळ पाहिले, डीचे झाकण उचलले, उलटे फिरवले आणि त्या जागी ठेवले. रेघ वरच्या बाजूला गेली होती.

“रेघ चुकली, पण ताई, चालतंय,” असे म्हणून ती हसली.

ती रेघ मीच ओढायला सांगितली होती, चूक होऊ नये म्हणून. तिला नियम येत होता, म्हणूनच तो मोडून कसा वापरायचा हेही कळले. सोळा झाकणे हरवल्याचा हिशेब मी त्या दिवशी लिहिला नाही. ती जिथे गेली तिथे कोणाच्या तरी हातात आहेत, हे मला पुरेसे वाटले.

७. आपण काय पाठवावे

प्रेषित पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो तेव्हा फार मोठ्या गोष्टींबरोबर अगदी साध्या गोष्टीही लिहितो. त्रोवसला राहिलेला झगा हवा आहे. पुस्तके हवीत, आणि त्यांतही चर्मपत्रे. पुढे सांगतो की हिवाळा लागण्याआधी ये. म्हणजे काय हवे, त्यातले आधी काय आणि कधीपर्यंत, हे तो स्पष्ट सांगतो. मागण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तशीच आमचीही विनंती :

जुन्या लग्नपत्रिका, धुतलेली झाकणे, स्वच्छ सुती कापड, दोरी, चिमटे, पाट्या, खडू, न पुसणारी पेने आणि पारदर्शक चिकटपट्टी. जुन्या दिनदर्शिकाही चालतील; त्यांचे मोठे आकडे आणि वारांची नावे कामी येतात. फाटलेली अभ्यासाची पुस्तके आणि विजेवर चालणारी खेळणी मात्र कृपया पाठवू नयेत. ती आणण्या-नेण्यातच खर्च होतो. सामान वर्षातून दोनदा हवे असते : मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, आणि दिवाळीच्या आधी, कुटुंबे खाली उतरण्यापूर्वी. महिला संघाने एका सभेत बसून थैल्या शिवल्या किंवा तरुण संघाने झाकणांवर अक्षरे लिहिली, तर ते आम्हांला तयार सामानाहून अधिक मोलाचे वाटेल.

मनन व चर्चेसाठी

१. मत्तय १३:५२ मधील घरधन्याच्या भांडारात नवे आणि जुने दोन्ही का असावे?
२. आपल्या संडे स्कूलच्या कपाटात असे काय आहे, जे वर्षभर बाहेर निघाले नाही? ते का निघाले नाही?
३. घरातील कोणतीही एक वस्तू घ्या. तिच्याकडून शिकवण्याची तीन कामे कशी होतील, ते गटात करून दाखवा.
४. आपण देतो तेव्हा घेणाऱ्याची गरज विचारतो, की आपल्याला जे नको ते देतो?

प्रार्थनेसाठी

पाड्यांवर वर्ग घेणाऱ्या तरुण शिक्षकांसाठी. या वर्षी कामाच्या शोधात खाली उतरणाऱ्या कुटुंबांच्या सुरक्षित परतण्यासाठी. आणि जे आपल्या हाती सोपवले आहे ते वेळेवर बाहेर काढण्याचे मन आपणां सर्वांना मिळावे म्हणून.

“ताई, हे कोणाचं होतं?” त्या मुलाला आता मी उत्तर देऊ शकेन. तुमचंच होतं रे बाळा. मी उशिरा बाहेर काढलं.

ख्रिस्तामध्ये आपली,
एक सेविका, नाशिक